साठ फोटो आणि एक कडी

बाहेरगावाहून फोन करणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : "किती फोटो मिळणार?" चौदा वर्षं बेळगावात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरतोय आणि चौदा वर्षं या प्रश्नाला मुकाट्यानं उत्तर देत आलोय. या प्रकरणातही दिलं. "साठ, एडिट केलेले." गाडी चुकीच्या फाट्याला वळली ती तिथंच.

प्रवासात असताना अनोळखी गावातल्या फोटोग्राफरला आपल्या कुटुंबापुरतं बोलवायचं, ही पद्धत आता इकडं बऱ्यापैकी रुजली आहे. पूर्वी आमच्याकडं लग्न, मुंज, बारसं आणि पासपोर्ट. मग प्रीवेडिंग आलं. आता गोव्याला जाता-येता बेळगावात एक मुक्काम करणारी मंडळी "दोन तासांचं फॅमिली शूट कराल का?" म्हणून विचारतात. त्यातलंच हे एक बुकिंग. ते एका आजीच्या नातीनं केलं होतं; तिला विचारून लिहितोय. माणसांची आणि त्या खेड्याची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत.

ठरलं काय होतं

नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईहून फोन आला. बोलणारी तिशीतली, कामात चोख, प्रत्येक वाक्याला "दादा". घरची पाच माणसं : ती, तिचा नवरा, तिचे आईवडील आणि वडिलांची आई, वय ७८. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावात दीड दिवस, मग चोर्ल्यावरून गोवा. "आजीचं माहेर तिकडंच कुठंतरी आहे, म्हणून बेळगाव ठेवलंय," असं ती बोलता बोलता म्हणाली. हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. "कुठंतरी" म्हणजे कुठं, एवढं विचारलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्याच रात्री तिनं नमुन्याचे तेवीस फोटो पाठवले. दगडी खांब, वाऱ्यावर उडणारा पदर, पाठमोरी बाई आणि समोर दरी. छान होते. पण त्या तेवीस फोटोंत एकही म्हातारं माणूस नव्हतं. हेही मला तेव्हाच टोचायला हवं होतं.

मी आखणी पाठवली. सकाळी साडेसातला किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जुनं जैन मंदिर, दुपारी हलशीचं देऊळ, संध्याकाळी राजहंसगडावर सूर्यास्त. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, साठ फोटो, चौदा हजार रुपये. पाच हजार अ‍ॅडव्हान्स, उरलेले शूटच्या दिवशी. माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या खाली असल्यानं मी जीएसटी लावत नाही. लावणारा फोटोग्राफर असेल तर वर १८ टक्के धरून चाला. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत सगळं संपलं. जास्तीच्या तासांचं काय, कच्च्या, म्हणजे एडिट न केलेल्या, फाइल मिळणार की नाही, फोटो मी माझ्या पानावर टाकणार की नाही, यातलं एक अक्षरही त्या चार ओळींत नव्हतं.

आखणीतली चूक बेळगावच्या माणसाला लगेच दिसेल. हलशी बेळगावापासून चाळीसेक किलोमीटर, खानापूर-नंदगडच्या वाटेनं आत. राजहंसगड येळ्ळूरला, म्हणजे परत शहराच्या बाजूला येऊन वर चढायचं. डिसेंबरच्या त्या आठवड्यात आमच्याकडं सूर्य साधारण ६:५० ला उगवतो आणि ६ च्या सुमाराला मावळतो. गडावर साडेपाचला उभं राहायचं तर हलशी पावणेचारला सोडायला हवी. म्हणजे हलशीत नेमकं ऊन डोक्यावर असतानाचं, डोळ्यांखाली काळ्या खाचा पाडणारं, दुपारचं ऊन पदरात. दोन्ही जागा संध्याकाळच्या, आणि संध्याकाळ एकच. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कागदावर तीन ठिकाणं असली की पॅकेज भरल्यासारखं दिसतं, आणि भरलेलं पॅकेज लवकर विकलं जातं.

तारखेबद्दल एक गोष्ट मी बरोबर सांगितली, तेवढं श्रेय घेतो. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. तेव्हा गावातल्या बऱ्या हॉटेलांच्या खोल्या आमदार, अधिकारी आणि त्यांच्या मागं येणाऱ्या माणसांनी भरून जातात, भाडी चढतात, मोर्चे निघतात, रस्त्यांवर बंदोबस्त असतो. तसंच १ नोव्हेंबर. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी माणसांचा काळा दिवस एकाच गावात एकाच दिवशी. त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन किल्ल्याकडं कोणी जाऊ नये. तिनं खोल्या आधीच धरल्या होत्या, पण हायवेच्या पलीकडं. सकाळच्या वेळेत अर्धा तास जास्त धरा, असं मी कळवलं. तो अर्धा तास पुढं कुठं गेला, तेही कळलं नाही.

किल्ला

साडेसातचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली. पैठणी नेसवायला येणारी बाई उशिरा आली, मग पिना सापडेनात. सून, नात आणि जावई फिकट रंगांत. नातीनं सगळ्यांचे रंग जुळवून ठरवले होते. आजी मात्र गर्द निळी, लाल टोप पदराची इरकल नेसून खाली येऊन बसल्या होत्या. त्यांच्यासाठी आणलेली मोतिया रंगाची पैठणी पिशवीतच होती.

"आजी, फोटोत गडद रंग दगडावर दिसत नाही हं," मी म्हणालो. तंत्राच्या दृष्टीनं ते खरं होतं. काळ्या दगडासमोर, सावलीत, गर्द निळं लुगडं विरघळून जातं.

"नाही दिसलं तर नाही दिसलं," आजी म्हणाल्या. "माझं तोंड दिसेल ना?"

नात गप्प बसली. मीही. माणसानं कोणतं लुगडं नेसलंय हे त्याला कुठं जायचंय त्यावरून ठरतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इरकल नेसून बाई माहेरी निघाली होती.

कमल बसदी १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. मंडपाच्या छताला दगडात कोरलेलं जे कमळ लोंबतं त्यावरून तिला कमल बसदी म्हणतात. त्या कमळाच्या ७२ पाकळ्या म्हणजे होऊन गेलेले, चालू आणि येणारे असे तीन चोविशींचे तीर्थंकर. फोटोग्राफरला ही जागा जितकी आवडते तितकीच ती छळते. कमळ वर, माणूस खाली, आणि आत उजेड बाहेरून तिरका येईल तेवढाच. एकट्या माणसाचा फोटो असेल तर लेन्सचं तोंड मोठं उघडून भागतं. पाच माणसं दोन ओळींत उभी केली की तसं चालत नाही. पुढची ओळ स्पष्ट आणि मागची धूसर येते. सगळे स्पष्ट हवे असतील तर लेन्सचं तोंड बारीक करावं लागतं, मग उजेड कमी पडतो, मग शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि हात हलू नये म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायचा.

मी ट्रायपॉडचे पाय उघडले आणि तिथला राखणदार शांतपणे येऊन उभा राहिला. हातातला कॅमेरा चालेल, स्टँड नाही. त्याचं बरोबर होतं. वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि ट्रायपॉड किंवा लाइट लावून काम करायचं असेल तर धारवाड मंडळाची लेखी परवानगी आधी आणावी लागते. मला नियम माहीत होता. आजवर कधी कोणी अडवलं नव्हतं, एवढ्या भरवशावर मी पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. अर्धं कन्नड, अर्धं हिंदी असं बोलून मी दहा मिनिटं घालवली, जी घालवायची काही गरज नव्हती. शेवटी सगळ्यांना मंडपाच्या कडेला, बाजूनं उजेड येतो तिथं, एकाच ओळीत बसवलं आणि हातानंच फोटो काढले. ते चांगलेच आले; कदाचित ट्रायपॉडवरच्यापेक्षा बरे.

जावयाला ड्रोन हवा होता. त्याला मी सरळ नाही म्हणालो. ड्रोनचे २०२१ चे नियम आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आमच्याकडं एका अंगाला सांबरा विमानतळ आणि दुसऱ्या अंगाला लष्कर. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथंच. किल्ल्यात आणि कॅम्पात कॅमेरा वर करण्याआधी भिंतीवरची पाटी वाचायची, हे आम्हाला शिकताना पहिल्या महिन्यात शिकवतात. पुण्यामुंबईचा फोटोग्राफर बरोबर घेऊन येणाऱ्यांनी हे त्याला आधी सांगून ठेवावं.

या सगळ्यात आजी पायरीवर बसून होत्या. त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांना चार वेळा उठवलं, चार वेळा बसवलं. किल्ल्यातून निघताना साडेअकरा झाले होते.

खानापूरचा चहा

खानापुरात चहाला थांबलो. तिथं आजींनी पहिल्यांदा स्वतःहून मला काही विचारलं.

"हलशीच्या पुढं जायला किती वेळ लागतो रे बाळा?"

"पुढं म्हणजे कुठं, आजी?"

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. हलशीपासून वीस मिनिटांवरचं गाव. मी त्या गावात दोन लग्नं केलेली. नात माझ्याकडं बघत राहिली, मी नातीकडं. मुलालाही आईच्या माहेरचं गाव नकाशावर दाखवता आलं नसतं. लहानपणी एकदोनदा आला होता, तेवढंच. आजी शेवटच्या आल्या होत्या त्याला एकतीस वर्षं झाली होती, भाऊ गेला तेव्हा. आत्ता त्या घरात भाचा आणि भाचसून राहतात, अधूनमधून फोन होतो, दारापुढचं तुळशीवृंदावन अजून आहे. हे सगळं त्यांनी चहाच्या एका कपात सांगितलं. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. त्यांना वाटत होतं, आपण तिकडंच चाललोय आणि वाटेत या मुलांच्या फोटोंचं काम उरकून घ्यायचंय.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथं आहे. बुकिंग केलं नातीनं, पैसे दिले जावयानं, आखणी केली मी. ज्या माणसासाठी हा प्रवास होता त्या माणसाशी आमच्यापैकी कोणीही पाच मिनिटं बोललं नव्हतं. लग्नाच्या कामात ही चूक सहसा होत नाही. तिथं नवरा-नवरी नाही बोलले तरी एखादी आत्या दटावून सांगतेच. प्रवासातल्या बुकिंगमध्ये एकच माणूस फोनवर असतो, आणि तोच सगळ्या घराच्या वतीनं आवडनिवड ठरवून टाकतो.

राजहंसगड रद्द करायचा असं मी सुचवलं. नात नाराज झाली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सूर्यास्त तिनं महिनाभर मनात रंगवला होता, त्याचे पैसे दिले होते, आणि ठरलेलं मोडायला निघालेला माणूस मी होतो. नंदगडच्या वाटेवर ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं गाडी सरपटत होती आणि मागच्या सीटवर माय-लेकींची हळू आवाजात बोलणी चालली होती. हंगामात या रस्त्यांवर एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भेटला की ओव्हरटेक विसरायचं; वेळेचा हिशेब मांडताना नकाशावरच्या मिनिटांत निम्मी मिनिटं अजून मिळवायची. शेवटी सूनबाई म्हणाल्या, "गड कुठं पळून जातोय?" आणि विषय मिटला. मिटला असं मला तेव्हा वाटलं.

हलशीत आम्ही अडीचच्या सुमाराला पोचलो. कदंबांची ही पलाशिका, बनवासीच्या खालोखाल त्यांची दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंहाचं देऊळ नंतरचं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. समोरासमोर दोन गाभारे, वर पायऱ्यापायऱ्यांचं शिखर. उन्हात बाहेर उभं करण्यात अर्थ नव्हता, म्हणून खांबांच्या सावलीत कामं उरकली. पुजाऱ्यांना विचारून घेतलं, गाभाऱ्याकडं कॅमेरा केला नाही. पैठण्या, पाठमोऱ्या पोझ, खांबाला टेकलेला जावई, सगळं नमुन्याबरहुकूम. पन्नास मिनिटांत नातीला हवं होतं त्यातलं जवळजवळ सगळं मिळालं. साठातले चाळीस फोटो इथलेच.

दार

गावात शिरलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. घर रस्त्यापासून दोन बोळ आत. गाडी जात नव्हती. आजींनी कोणाचा हात धरला नाही. ज्या बाईला किल्ल्यात पायरी चढवत नव्हती ती बोळात आमच्या पुढं चालत होती.

घराचा पुढचा भाग तेवढा जुना राहिला होता : मातीची भिंत, खानापुरी कौलं, शेणानं सारवलेला कट्टा. मागच्या बाजूला स्लॅब पडला होता. दार मात्र तेच, जुनं, सागवानी, चौकटीला वर कोयरी कोरलेली. भाचसून आतून पदराला हात पुसत आली आणि दोन क्षण ओळख पटवत थांबली.

"अगं बाई, आत्ती! भायेर का उभारलासा? आत या की!"

आजी आत गेल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या. दाराला लोखंडी कडी होती, हाताच्या घासण्यानं आतल्या बाजूनं गुळगुळीत झालेली. त्यांनी ती उचलली, चौकटीवर आपटली, परत उचलली.

मी तेव्हा लेन्स बदलत होतो. घाईत दोनतीन फोटो काढले, शटरचा वेग आधीच्या सावलीतल्या कामाचा, एक तीसांश सेकंद. हात हललेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं, गेला म्हणून सोडून दिला.

मग व्यवस्थित कामाला लागलो. दार पूर्वेकडं तोंड करून होतं. म्हणजे चारनंतर त्या दारात थेट ऊन नाही, पण समोरचं आकाश उघडं. सपाट, मऊ उजेड. म्हाताऱ्या चेहऱ्याला यापेक्षा चांगला उजेड स्टुडिओत मिळत नाही. फक्त खालून थोडी उजळणी हवी होती. रिफ्लेक्टर गाडीत राहिला होता. दोरीवर भाच्याचं पांढरं धोतर वाळत होतं; ते ओढून शेजारच्या दोन पोरांच्या हातात दोन टोकं दिली आणि आजींच्या समोर खाली धरायला लावलं. पोरं इतकी गंभीर झाली की त्यांचाच एक फोटो काढावा लागला. तो साठात धरलेला नाही.

आजी एकट्या, आजी आणि मुलगा, आजी आणि नात, आजी भाचसुनेबरोबर, मग सगळे कट्ट्यावर. नातीनं मधेच पैठणीचा पदर कमरेला खोचला आणि भाचसुनेबरोबर चहाचे कप आणायला आत गेली. तिथून पुढं तिनं एकदाही "माझी डावी बाजू" म्हटलं नाही. गर्द निळी इरकल मातीच्या भिंतीसमोर काय दिसली म्हणून सांगू. सकाळी मी तीच बदलायला सांगत होतो.

"च्या घेऊनच जायाचं," भाचसून म्हणाली. घेतला. मग पोहे झाले. मग गावातली एक बाई आली, जी आजींबरोबर शाळेत होती, आणि त्या दोघी कट्ट्यावर बसल्या त्या बसल्याच. आम्ही बेळगावात परत आलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास जास्त झाले होते, आणि जास्तीच्या वेळेबद्दल मी गाडीत एक शब्द काढला नव्हता. पोहे खाल्ल्यावर कसा काढणार?

हिशेब

एकूण ९१२ फोटो. अठरा दिवसांनी मी चौसष्ट निवडून, रंग दुरुस्त करून लिंक पाठवली. लिंकच पाठवावी, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते टाकले की ते दाबून लहान होतात आणि मग लोक म्हणतात, छपाईत फुटले. सोबत बिल : उरलेले नऊ हजार (शूटच्या दिवशी घ्यायचे राहून गेले होते), अधिक जास्तीच्या वेळेचे तीन हजार.

नातीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि त्यात "दादा" नव्हतं. तीन मुद्दे होते. एक, सूर्यास्त झाला नाही, तो तुम्हीच रद्द केलात, मग वरचे तीन हजार कशाचे? दोन, आम्हाला सगळ्या कच्च्या फाइल हव्यात. तीन, आजीचा दारातला फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलाय तो कोणाला विचारून?

तिसऱ्या मुद्द्यानं मला राग आला, कारण तो फोटो माझ्या चौदा वर्षांतल्या चांगल्या पाचात बसेल. "फोटो मी काढलाय, हक्क माझा," असं मी लिहून टाकलं. तिनं कॉपीराइट कायद्याचं कलम पाठवलं. वकिली करणाऱ्या मित्राला फोन केला, तर तो हसला. कायदा १९५७ चा, कलम १७, पोटकलम ख. कोणी मोबदला देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा. काढणारा नव्हे. फोटो काढणारा म्हणून माझं नाव राहतं, मोडतोड झाली तर मी तक्रार करू शकतो. पण मालकी तिची. "वेगळं काही ठरलेलं नसेल तर" या पाच शब्दांवर आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांची इन्स्टाग्रामची पानं उभी आहेत आणि बहुतेकांना ते माहीत नाही. मलाही नव्हतं. फोटो काढून टाकला.

एका निरोपात तिनं ग्राहक आयोगाचं नाव घेतलं होतं. प्रवासात पैसे देणाऱ्यांना हे ठाऊक असलेलं बरं, म्हणून सांगतो : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करू शकतो. मुंबईच्या माणसाला त्यासाठी बेळगावला खेटे घालावे लागत नाहीत. उलट मलाच मुंबई गाठावी लागली असती. तिथवर गेलं नाही. जास्तीच्या वेळेचे दीड हजार यावर तोडगा निघाला. तिनं त्याच संध्याकाळी पैसे पाठवले.

कच्च्या फाइलींवर मात्र मी अडून बसलो. फोटो निवडणं हेच माझं काम आहे. नऊशे फोटो जसेच्या तसे देणं म्हणजे जेवायला बोलावून भाज्यांची सालं ताटात वाढणं, असं काहीतरी मी ऐटीत लिहिलं. यात कायदा थेट मदत करत नाही. मालकी कोणाची ते कलम सांगतं, पण कोणत्या स्वरूपातल्या फाइल हातात द्यायच्या हे आपसांत ठरवायचं असतं, आणि आम्ही ते ठरवलं नव्हतं.

तेव्हापासून माझा बुकिंगचा निरोप चार ओळींवरून पानभर झालाय. फाइल कोणत्या, किती दिवस जपून ठेवणार, तासापुढं किती, पाऊस आला तर काय (जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर "पाऊस आला तर" म्हणायची सोय नाही, तिथं पाऊस असतोच), फोटो मी कुठं वापरणार आणि कोणाचे वापरणार नाही. पण हा कागद दुसरा. पहिलं म्हणजे आता फोन आला की मी विचारतो, बरोबर सगळ्यात वयस्कर कोण आहे आणि त्यांना दोन मिनिटं फोन देता का? लोकांना विचित्र वाटतं. काही देत नाहीत. दिला तर आखणी दहापैकी सहा-सात वेळा बदलते, आणि जवळजवळ नेहमी एक ठिकाण कमी होतं. साठ हा आकडा मी सांगणं सोडून दिलंय. त्यामुळं दोनतीन बुकिंगं हातची गेली, तेही खरंच.

फेब्रुवारीत नातीचा परत फोन आला. या वेळी "दादा" होतं.

"कच्च्या फाइलींसाठी भांडले ना, ते आजीमुळं. चौसष्ट फोटो दाखवले तिला, टीव्हीवर मोठे करून. सगळे बघून झाल्यावर म्हणाली, यात तो नाही. कुठला, तर कडीचा. म्हणते, मी कडी आपटली तेव्हा त्या मुलाच्या डब्याचा खट्ट आवाज आला होता, म्हणजे त्यानं काढलाय."

शटरचा आवाज. आजींनी तो लक्षात ठेवला होता.

रात्री हार्ड डिस्क लावून बसलो. तीन फोटो होते. पहिल्यात नुसती चौकट, तिसऱ्यात माझंच बोट. मधल्यात चेहरा अर्धा बाहेर कापलेला, कडी स्पष्ट, आणि तिच्यावरचा हात इतका हललेला की बोटं मोजता येत नाहीत. एडिट करण्यासारखं त्यात काही नव्हतं. तसाच पाठवला.

दोन दिवसांनी निरोप आला : आजीला तो कागदावर हवाय, पण मोठा नको, पोस्टकार्डाएवढा, बटव्यात मावेल असा. आणि दुसरा एक तसाच भाचसुनेला. दोन्ही प्रती छापल्या, एक कुरिअरनं मुंबईला, दुसरी हलशीच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडं दिली. या प्रतींचे मी पैसे घेतले नाहीत, असं लिहायला मला फार आवडलं असतं. घेतले. कुरिअर धरून दीडशे रुपये.